टपालकलेची फिरती पिशवी

मेल आर्ट करायचं ठरलं की माणूस आधी रंगांच्या दुकानात जातो. चोवीस रंगांची पेटी, चार ब्रश, नक्षीदार चिकटपट्ट्या, चकमकीत कागद अशी खरेदी होते. पिशवी फुगते, खांद्याला रग लागते आणि पंधरा दिवसांत ती कपाटात जाऊन बसते. तोवर पोस्टाच्या पेटीत एकही कार्ड पडलेलं नसतं. अर्धवट राहिलेलं कार्ड रंगावाचून अडतं असं क्वचितच होतं. हाताशी तिकीट नसतं, मैत्रिणीचा पिनकोड आठवत नाही, नाहीतर केलेली वस्तू पाकिटात मावत नाही. म्हणून पिशवी भरायला शेवटाकडून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. आधी पत्ते आणि तिकिटं घ्या, मग कागद, मग चिकटवायची सोय, मग शिक्के. एवढं करून जागा उरली तर रंग.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. टपालानं पाठवायची म्हणूनच केलेली छोटी कलाकृती म्हणजे मेल आर्ट. चितारलेलं पोस्टकार्ड, कात्रणांनी मढवलेलं पाकीट, स्वतः कोरलेल्या शिक्क्याचा ठसा, घरी बनवलेली लुटुपुटीची तिकिटं असं काहीही त्यात येतं, आणि वाटेत बसलेला पोस्टाचा शिक्काही त्या चित्रातलाच धरला जातो. अमेरिकेतला चित्रकार रे जॉन्सन ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना अशी टपालं धाडत असे. 'यात भर घाला आणि परत पाठवा' अशी सूचना त्यातल्या काहींवर असायची. १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये या देवघेवीचं प्रदर्शन भरलं. जपानमधले रियोसुके कोहेन १९८५ पासून जगभरातून आलेले छोटे ठसे आणि चित्रं एका कागदावर एकत्र छापून ते कागद पुन्हा पाठवणाऱ्यांकडे रवाना करत आले. या जगाचा रिवाजही मोकळा आहे. प्रदर्शनाला प्रवेश फी नाही, परीक्षक नाहीत, आलेलं सगळं भिंतीवर लागतं आणि पाठवलेलं परत मागायचं नाही.

पण फिरत्या पिशवीचा धडा घ्यायचा तर तो ओन कावारा या जपानी चित्रकाराकडून घ्यावा. १९६८ ते १९७९ या काळात तो ज्या गावी असेल तिथून रोज दोन पिक्चर पोस्टकार्डं पाठवायचा आणि त्यावर आपण किती वाजता उठलो ते रबरी शिक्क्यानं उमटवायचा. कार्डं त्या त्या गावातलीच, पर्यटकांसाठी विकतात ती. तिकिटंही तिथलीच. बरोबर न्यायचं ते शिक्के. एवढ्या तुटपुंज्या सामानावर अकरा वर्षांचं काम उभं राहिलं. १९७९ साली स्टॉकहोममध्ये शिक्के ठेवलेली त्याची ब्रीफकेस चोरीला गेली आणि मालिका तिथेच थांबली. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. सामान जितकं कमी तितकी पिशवी जास्त फिरते, ही एक. आणि ज्याच्यावाचून आपलं काम अडेल अशी एखादी वस्तू असेल तर तिची जोड घरी ठेवावी, ही दुसरी.

पत्ते आणि तिकिटं

अख्खी डायरी बरोबर घेऊ नका. कार्डशीटची चार बोटं रुंदीची लांब पट्टी कापा, तिच्या पंख्यासारख्या घड्या घाला आणि एकेका घडीवर एक पत्ता लिहा. पाच-सहा पत्ते पुरतात. पत्त्याखाली जागा सोडा आणि काय पाठवलं, कधी पाठवलं ते तिथे टिपत जा, म्हणजे त्याच माणसाला तोच ठसा दोनदा जाणार नाही. मोबाइलमध्ये पत्ते असतात हे खरं, पण डोंगरातल्या मुक्कामी मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते. पट्टीवर सगळ्या गावाचे पत्ते नसावेत याला आणखी एक कारण आहे. पिशवी हरवली तर आपलं सामान जातं ते जातंच, वर दुसऱ्यांच्या घरचे पत्ते परक्याच्या हाती पडतात.

पिनकोड मात्र प्रत्येकाचा हवाच. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं, जे टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. महाराष्ट्रातले पिनकोड ४ नं सुरू होतात. पहिल्या तीन आकड्यांवर टपाल जिल्ह्यापर्यंत छाटलं जातं आणि उरलेल्या तिनांवर नेमक्या पोस्ट ऑफिसात पोचतं. चित्रानं भरलेल्या कार्डावर अक्षर एखाद्या वेळी लागलं नाही तरी आकडे स्वच्छ असले की कार्ड निदान योग्य गावाला लागतं. म्हणून आकडे ठळक काढा आणि त्यांच्या मागे नक्षी घालू नका.

तिकिटांचं गणित सोपं ठेवा. देशांतर्गत साध्या पत्राचा दर बरीच वर्षं २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये असा चालत आला आहे. पोस्टाचं साधं कार्ड ५० पैशांना मिळतं, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना. दर बदलला असेल तर काउंटरवर कळेल, तेव्हा पिशवी भरायच्या दिवशी एकदा विचारून घ्या. ५ रुपयांची दहा तिकिटं आणि एक रुपयाची काही सुटी असली की देशातल्या टपालाची सोय झाली. परदेशी पाठवायचं असेल तर त्या देशाचा दर विचारून त्याची जुळवाजुळव आधीच करून ठेवा. आणि तिकीट मागताना फिलाटेलिक काउंटर असलेलं मोठं पोस्ट ऑफिस गाठा. गोल घुमटाच्या मुंबई जीपीओत आहे, पुण्याच्या मुख्य टपाल कार्यालयात आहे. तिथे स्मारक तिकिटं मिळतात. पक्षी, रेल्वे, देवळं, साहित्यिक अशा विषयांतून निवड करता आली की तिकीट हाच चित्राचा एक कोपरा होतो. आपला निळा ठसा आणि निळ्या खंड्याचं तिकीट शेजारी बसवण्यात जी मजा आहे ती नेहमीच्या छापाच्या तिकिटात नाही.

तिकिटं ठेवायची कशी हे मात्र पावसाळ्यात कळतं. मागचा डिंक दमट हवेनं ओलावतो आणि दहा तिकिटांची एक वडी होते. बटर पेपरचा तुकडा दुमडून त्याच्या घडीत तिकिटं ठेवा, दोन थर एकमेकांना लागू देऊ नका. चिकटवताना डिंक पुरेसा नाही असं वाटलं तर कोपऱ्यांना ग्लू स्टिकचा हात फिरवा. पोस्टातल्या डिंकाच्या वाटीवर विसंबू नका. तिच्यातली काडी कार्डावर बोटभर डिंक सांडते आणि तो नेमका चित्रावर ओघळतो.

घरी केलेल्या लुटुपुटीच्या तिकिटांबद्दल एक सूचना आत्ताच करून ठेवतो. ती पाकिटाच्या मागे किंवा डाव्या बाजूला लावा. उजवा वरचा कोपरा खऱ्या तिकिटाचा. तिथे आपलं तिकीट लावून पाकीट फुकट पोचतं का हे बघण्याचा मोह काहींना होतो, पण ती कला नाही, पोस्टाची फसवणूक आहे. आपल्या तिकिटावर अशोकस्तंभही काढू नका. राजमुद्रेच्या वापराला कायद्याची बंधनं आहेत.

कागद, आकार, वजन

कोरे तुकडे घरीच कापून न्या. प्रवासात मोठा कागद सरळ कापायला ना जागा असते ना टेबल. पोस्टकार्डाचं माप १४ बाय ९ सेंटिमीटरच्या आसपास धरा. आंतरराष्ट्रीय टपालात यापेक्षा लहान कार्ड चालत नाही, त्यामुळे हेच माप धरलं की एकच गठ्ठा घरच्या आणि बाहेरच्या दोन्ही टपालाला उपयोगी पडतो. कागद साधारण २०० ते ३०० जीएसएमचा असावा. त्याहून पातळ कार्ड वाटेत दुमडतं, जाड असेल तर शिक्का मारताना टणक लागतं आणि उगाच वजन वाढतं. स्टेशनरीच्या दुकानात 'आयव्हरी शीट' मागितली की मिळते. जलरंगाचं वेड असेल तर चार तुकडे कार्ट्रिज कागदाचेही घ्या.

हातकागद सुंदर दिसतो. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून तो बनवते, एकदा तिथे जाऊन कागद चाळून बघायलाच हवा. पण पिशवीत त्याचे दोन-तीनच तुकडे ठेवा. बॉलपेन त्याच्या खडबडीत पृष्ठावर अडखळतं, शाई पसरते आणि बारीक ठसा नीट उमटत नाही. फाडून काढलेल्या कडेसाठी मात्र त्याला तोड नाही. स्टीलची पट्टी कागदावर दाबून धरा, कडेनं ओलं बोट फिरवा, क्षणभर थांबा आणि हलक्या हातानं ओढा. पिसासारखी मऊ कड निघते आणि ब्लेडची गरज पडत नाही.

पाकिटं कशी असावीत? पांढरी शुभ्र नकोत. खाकी किंवा जुनी, उलटून पुन्हा चिकटवलेली उत्तम. आलेल्या पाकिटाचा सांधा वाफेवर सोडवून ते आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवता येतं. बँकांच्या पाकिटांना आतून जी निळी-करडी जाळी असते ती अशा वेळी आयती नक्षी म्हणून हाती लागते. हे काम रविवारी घरी बसून करावं आणि तयार पाकिटं तेवढी पिशवीत टाकावी.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि त्याचा भुर्दंड टपाल घेणाऱ्याला पडतो. तिकीट कमी पडलं तर पोस्टमन तुटीच्या दुप्पट रक्कम त्याच्याकडून मागू शकतो. भेट पाठवून वर पैसे भरायला लावणं बरं दिसत नाही. तराजू बरोबर नेणं शक्य नाही, पण हिशेब मनात करता येतो. ८० जीएसएमचा ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो, कारण असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो आणि चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम. म्हणजे चार कागद २० ग्रॅमचे. वर्गात मुलं करतात तशी पेन्सिलवर फूटपट्टी आडवी तोलून धरा. एका टोकाला घडी केलेले चार कोरे कागद, दुसऱ्या टोकाला तुमचं पाकीट, दोन्ही मध्यापासून सारख्याच अंतरावर. पाकिटाची बाजू खाली गेली तर तिकीट वाढवा. झेरॉक्सचा कागद बहुधा ७५ किंवा ७० जीएसएमचा असतो, त्यानं तोललंत तर मर्यादेच्या थोडं आतच राहाल. ते चालेल. १४ बाय ९ चं ३०० जीएसएमचं कार्ड चार ग्रॅमच्या आतच भरतं, त्यामुळे पाकिटात घालूनही कात्रणांना भरपूर वाव उरतो.

मोठं काही पाठवायची हौस असेल तर ते घडीत बसवा. चिलीचा चित्रकार युजेनिओ दित्तबोर्न ऐंशीच्या दशकापासून भिंतभर चित्रं घड्या घालून पाकिटातून परदेशी प्रदर्शनांना पाठवत आला. उलगडल्यावर दिसणाऱ्या घड्यांच्या रेघा त्यानं लपवल्या नाहीत, पाकिटंही चित्राशेजारीच लावली. आपण ए-३ चा पातळ कागद आठ पदरी दुमडून साध्या पाकिटात घातला तरी उघडणाऱ्याला तीच गंमत अनुभवता येते.

कात्रणांचं पाकीट

हे पाकीट विकत घ्यायचं नसतं, ते साठवायचं असतं, आणि साठवण्यापेक्षा काढून टाकायला जास्त शिस्त लागते. आपल्या घरात रद्दीचा सुकाळ आहे. कालनिर्णयाच्या मागच्या वर्षाच्या पानांवरचे मोठे आकडे, जुन्या पंचांगातली कोष्टकं, दिवाळी अंकातल्या जाहिराती, शिवकाशीच्या काडेपेट्यांची लेबलं, उदबत्तीच्या पुड्यावरचं चित्र, मुलांच्या गेल्या वर्षीच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा. माझी खास आवड म्हणजे औषधाच्या खोक्यात निघणारं माहितीपत्रक. कागद सिगरेटच्या कागदासारखा पातळ, दोन्ही बाजूंना मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. चित्राच्या मागे चिकटवलं की करडी पार्श्वभूमी तयार, आणि वजन जवळजवळ शून्य.

काही गोष्टी दिसायला लोभस आणि वापरायला वाईट. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती त्यातला एक. पत्रिकेचा कागद जाड असतो, सोनेरी भागावर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि पत्रिका कापताना घरातली वडीलधारी माणसं नाराज होतात ते वेगळंच. एसटीचं तिकीट तर सगळ्यांनाच लावावंसं वाटतं. पण यंत्रातून निघणारं तिकीट उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापलेलं असतं. काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात आणि उन्हात राहिलं तर कागदच काळवंडतो. त्याची झेरॉक्स काढा आणि ती चिकटवा. जुनी पंच केलेली तिकिटं कुणाकडे निघाली तर ती मात्र खुशाल वापरा, त्यांची शाई टिकाऊ असते. ग्रंथालयाच्या पुस्तकाला कात्री लावू नये हे सांगायची गरज नसावी.

पाकिटाची जाडी बोटाच्या एका पेरापलीकडे जाऊ देऊ नका. नवीन पाच कात्रणं आली की जुनी पाच बाहेर. गावाला निघालात तर पाकीट निम्मं रिकामं ठेवा, कारण मुक्कामाच्या ठिकाणची कात्रणं तिथेच मिळतात. चहाच्या टपरीवरचा बिस्किटाचा कागद, देवस्थानची पावती, नाटकाच्या जाहिरातीचं चिटोरं. कोल्हापुराहून पाठवलेल्या कार्डावर कोल्हापूरच दिसलं पाहिजे.

चिकटवणं आणि कापणं

फिरतीवर ग्लू स्टिक सगळ्यात बरी. सांडत नाही, कागद ओला होऊन सुरकुतत नाही. मे महिन्यात बंद गाडीत ती लोण्यासारखी होते, तेव्हा टोपण घट्ट आहे ना ते पाहा. पांढरा फेविकॉल घ्यायचाच असेल तर छोट्यातली छोटी बाटली घ्या आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेनं तो पसरा, पातळ, जवळजवळ खरवडून काढल्यासारखा. बाइंडर वापरतात ती मैद्याची खळ घरी उत्तम, पण ती दोन दिवसांत आंबते, म्हणून पिशवीत तिला जागा नाही.

चिकटवताना शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. कात्रण बसवल्यावर त्यावर बटर पेपर ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं मधून कडांकडे घोटा. कडा आणि कोपरे दोनदा. छाटणीच्या यंत्रात, पोस्टमनच्या पिशवीत, दाराच्या फटीतून आत सरकताना सुटतात त्या कडाच. बोटाचं नख आडवं फिरवून बघा. नख अडलं तर तिथे वाटेत दुसरं पत्र अडकणार. स्टेपलची पिन, मणी, टिकल्या, शिवलेली बटणं यांना याच कारणासाठी रजा द्या. चमकीला तर कायमची, कारण ती आपल्या पाकिटापुरती राहत नाही, दुसऱ्याच्या टपालालाही लागते. पोस्टकार्डावर जाडजूड काही चिकटवलं तर पोस्ट ते पत्र धरून जास्त दर लावू शकतं, तेव्हा उठावाचं काम असेल तर सरळ पाकिटात घाला.

छोटी कात्री आणि १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी एवढ्यावर भागतं. कटर हवाच असेल तर विमानप्रवासात तो आणि कात्री दोन्ही चेक-इन सामानात टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत ते तिथेच सोडून द्यावे लागतील. मांडीवर काम करायला परीक्षेचं क्लिपचं पॅड फार सोयीचं. लहान आकाराचं मिळतं, क्लिपमध्ये कागद अडकतो आणि रेल्वेच्या खिडकीत बसूनही उडत नाही.

शिक्के

पिशवीतला सगळ्यात चैनीचा आणि सगळ्यात कामाचा भाग हाच. दुकानातले तयार शिक्के घेण्यापेक्षा खोडरबर कोरा. मऊ, पांढरं, कोपरे शाबूत असलेलं खोडरबर घ्या. आकृती बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं काढा, कागद उलटा करून खोडरबरावर ठेवा आणि मागून नखानं घासा. आकृती रबरावर उलटी उमटते आणि ठसा मारल्यावर सुलटी येते. अक्षरं असतील तरी वेगळा विचार करावा लागत नाही. मग धारदार ब्लेडनं रेषेच्या दोन्ही बाजूंनी कापत जा. इथे हाताचा कोन महत्त्वाचा. ब्लेड रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे रेषेचा पाया वर दिसतो त्याहून रुंद राहील. ब्लेड आत कललं तर रेषा खालून पोखरली जाते आणि चार-सहा ठशांनंतर तुटते. बारीक नक्षीच्या मागे लागू नका. चिंचेचं पान, बसचं चाक, आपल्या नावाचं पहिलं अक्षर, चंद्रकोर असे ठसठशीत आकार पोस्टाच्या शिक्क्याशेजारी शोभतात.

हे शिक्के प्लॅस्टिकच्या डब्यात उघडे ठेवू नका. या खोडरबरांतलं तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला खातं आणि काही महिन्यांत दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. प्रत्येक शिक्का वर्तमानपत्राच्या चौकोनात गुंडाळा. पॅड एकच, लहान. ऑफिसातलं नेहमीचं जांभळं पॅड स्वस्त आणि दिसायला झकास, पण पाण्याचा थेंब पडला की ठसा पसरतो. जून ते सप्टेंबर पाठवायचं असेल तर पाण्यानं न फुटणाऱ्या शाईचं पॅड घ्या आणि ठसा पूर्ण वाळू द्या. तारखेचा फिरता शिक्का मिळाला तर तोही घ्या. एरवी साध्या वाटणाऱ्या कार्डाला त्यानं एकदम सरकारी रुबाब येतो.

रंग आणि पाऊस

रंगांचं थोडक्यात आटपतो. तीन-चार रंगीत पेन्सिली, एक काळं वॉटरप्रूफ पेन, एक पांढरं करेक्शन पेन. गडद कागदावर पांढरं पेन फार उठून दिसतं. ऑइल पेस्टल शेजारच्या पत्राला लागतं, पोस्टर कलर जाड दिला की कार्ड वाकताच भेगाळतो, स्केचपेन ओलं झालं की वाहून जातं. जलरंगाच्या वड्या आणि पाणी भरायचा ब्रश एवढंच चैनीचं सामान मी समजू शकतो, तेही बसायला धड जागा मिळणार असेल तर.

पत्ता मात्र बॉलपेननं. जेल पेननं लिहिलाच तर वाळल्यावर त्यावर पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा हलका फिरवा. मेणाचा थर पाणी अडवतो. फक्त तिकिटावर मेण लागू देऊ नका, पोस्टाच्या शिक्क्याची शाई त्यावर बसत नाही. मेणबत्तीचा बोटभर तुकडा म्हणूनच पिशवीत कायमचा असावा.

परदेशी पाठवताना वाळलेली पानं, फुलं, बिया आणि माती टाळा. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत वनस्पतीजन्य वस्तूंवर कडक तपासणी असते आणि पाकीट जप्त होऊ शकतं. पानाचा ठसा घ्या आणि तो पाठवा.

भरणं आणि वापरणं

हे सगळं ठेवायला ए-५ आकाराचा बटणाचा प्लॅस्टिक फोल्डर आणि एक चेनचा पाऊच पुरे. फोल्डरमध्ये तीन कप्पे करा: कोरं, कात्रणं, तयार. पाऊचमध्ये कात्री, पट्टी, ग्लू, शिक्के, पॅड, पेन, मेण आणि जुना चमचा. पत्त्यांची पट्टी आणि तिकिटं फोल्डरच्या सगळ्यात आतल्या बाजूला ठेवा. सगळं मिळून शबनममध्ये पुस्तकाशेजारी बसलं पाहिजे. बसत नसेल तर आधी रंग काढा, मग जास्तीचे शिक्के काढा. तिकिटं काढू नका.

पिशवी नीट भरली आहे का ते पाहायचं असेल तर एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसून एक कार्ड करा. टेबल नाही, पाणी नाही, अर्धा तास. गाडी यायच्या आत कार्ड तयार होऊन तिकिटासकट पेटीत पडलं तर पिशवी बरोबर आहे. ज्या वस्तूसाठी उठून दुकान शोधावं लागलं ती घरी गेल्यावर आत टाका आणि जिला हातही लागला नाही ती बाहेर काढा.

शक्य असेल तर पेटीपेक्षा काउंटरवर द्या आणि शिक्का हातानं, स्वच्छ मारून मागा. गर्दी नसेल तर बहुतेक ठिकाणी हसून मारतात. काही पर्यटनस्थळांच्या पोस्ट ऑफिसात चित्राचा खास शिक्का असतो, तो मागितल्याशिवाय मिळत नाही. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, कारण साध्या टपालाची पावती नसते. आणि पोस्टकार्डावरचा मजकूर पेटीपासून दारापर्यंत सगळ्यांना वाचता येतो, तेव्हा खाजगी बोलायचं ते पाकिटात.

मागच्या बाजूला आपला पत्ता लिहायला विसरू नका. कुणी घर बदललेलं असतं, कुठे इमारतीचं नावच राहिलेलं असतं, आणि अशी पाकिटं हिंडून पोस्टाच्या शेऱ्यासकट आपल्याकडे परत येतात. आलेलं पाकीट उघडू नका, फेकूनही देऊ नका. पुढचा माणूस पट्टीवरून निवडा, ते जसंच्या तसं मोठ्या पाकिटात घाला, वजन पुन्हा तोला आणि नवीन तिकीट लावून त्याला पाठवून द्या.